ग्रंथपालाचा ‘दाखला’

मराठीत ‘दाखला’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : प्रमाणपत्र आणि उदाहरण. ग्रंथपालाची पात्रता कशी पारखावी, याचा आपल्याकडील इतिहास या दोन अर्थांच्या दरम्यान घडलेला आहे.

सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास पाचारण केले व १९११ साली तेथे प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. पुढे वर्गातून मिळणारे प्रमाणपत्र हाच पात्रतेचा दाखला ठरत गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या बढतीस गुणांकनाची जोड दिली. २०१८ च्या विनियमांनी नियमित उपस्थिती, ग्रंथपडताळणी इत्यादी प्रत्यक्ष कामांवर भर दिला.

तेव्हा वाकडसारख्या उपनगरातील महाविद्यालयाचा ग्रंथपालही धारिकेत कागद जमवू लागला, तर नवल नाही. परंतु कागदांची रास म्हणजे पुरावा नव्हे. कार्यशाळेचे प्रमाणपत्र एवढेच सांगते की, ग्रंथपाल तेथे उपस्थित होता. याउलट पडताळणीचा अहवाल, त्यावरून घेतलेला निर्णय आणि पुढील पडताळणीचा निष्कर्ष हे तीन कागद एकत्र ठेवले म्हणजे त्याची दृष्टी व तिचे फळ दोन्ही दिसतात.

इतिहासकार साधनांची जी छाननी करतो, तीच येथे करावी लागते : कागद कोणी, केव्हा, कशासाठी लिहिला? तो नसता तर कोणते विधान निराधार राहिले असते? या प्रश्नाला उत्तर नसलेला कागद वगळावा. प्रमाणपत्र हा दुसऱ्याने दिलेला दाखला होय. उदाहरणाचा दाखला ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो.