कराचीतल्या मराठी सिनेगॉगची कुळकथा

खंडाळा म्हटलं की तुंगार्ली-लोणावळ्याच्या माणसाला बोर घाट आठवतो. बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजातल्या माणसाच्या मनात मात्र दुसरं खंडाळा असतं. ते अलिबाग तालुक्यातलं. तिथल्या कातळावर प्रेषित एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी या समाजाची श्रद्धा. नवस फेडायला लोक तिथे जातात. पोहे, खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा करून एलियाहूचं नाव घेतात. कराचीच्या भर वस्तीत एके काळी उभ्या असलेल्या ‘मागेन शालोम’ या सिनेगॉगचं, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाचं, मूळ याच कोकणपट्टीत आहे.

समाजाची परंपरा सांगते, की नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातल्या गावोगावी पसरले. त्यांनी तेलाचा घाणा चालवला, शनिवारी तो बंद ठेवला आणि ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. भाषा मराठी झाली. दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर अशी आडनावंही गावांनीच दिली. शतकानुशतकं त्यांचा धर्म घरातच पाळला जात होता, सिनेगॉग नव्हतं. ते आलं 1796 मध्ये, मुंबईच्या मांडवीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ‘शाआर हारहमिम’ बांधलं. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथेही सिनेगॉग उभी राहिली. मुकादम, चौगुला, गब्बई असे पंच कारभार पाहू लागले.

एकोणिसाव्या शतकात पलटणी, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे यांतल्या नोकऱ्यांनी हा समाज कोकणाबाहेर पडला. काही घरं घाट चढून पुण्याला आली. 1863 मध्ये बोर घाटातून गाडी धावू लागली तेव्हा ही वाट आणखी सोपी झाली. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची पोथी, म्हणजे हागादा, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात.

दुसरी वाट समुद्रातून कराचीला जात होती. इंग्रजांनी 1843 मध्ये सिंध जिंकला आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. त्यामुळे कराचीतली नोकरी ही मुंबई सरकारचीच नोकरी झाली आणि मराठी माणसं तिकडे जाऊ लागली. शिक्षणखात्यातले नारायण जगन्नाथ वैद्य त्यांतलेच. त्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे. बेने इस्राएल कुटुंबंही अशीच पोहोचली. 1881 च्या शिरगणतीत सिंधमध्ये 153 यहुदी नोंदले गेले. 1901 पर्यंत हा आकडा चारशेच्या वर गेला.

या वाढत्या वस्तीला प्रार्थनेची जागा हवी होती. कराची नगरपालिकेत सर्वेक्षक असलेले सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर यांनी 1893 मध्ये रणछोड लाइन भागात मागेन शालोम बांधलं. या नावाचा अर्थ ‘शांतीची ढाल’. शहराच्या जमिनी मोजणाऱ्या या माणसाने आपल्या लोकांसाठीही त्या शहरात एक जागा आखून दिली. त्यांचे चिरंजीव गेर्शोन यांनी हे काम पुढे नेलं. 1903 मध्ये तरुणांची संघटना निघाली. 1936 मध्ये याच समाजातले अब्राहम रूबेन कराची महापालिकेवर निवडून आले. पाहुणा म्हणून आलेला समाज आता शहराचा कारभारी झाला होता.

त्याच 1936 साली सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला. 1947 मध्ये देशाची फाळणी झाली. 1948 मध्ये इस्राएल स्थापन झाल्यावर कराचीतल्या यहुद्यांवर हल्ले झाले. पुढे 1956 आणि 1967 च्या पश्चिम आशियातल्या युद्धांच्या वेळीही त्यांच्यावरचा रोष वाढत गेला. कुटुंबं मुंबईला परतली, इस्राएलला गेली, इंग्लंडला गेली. यहुदी धर्मात सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. ते दहा जमेनासे झाले आणि सिनेगॉग मुकं झालं. 17 जुलै 1988 रोजी ते पाडण्यात आलं. त्या जागी ‘मदीहा स्क्वेअर’ ही व्यापारी इमारत उभी राहिली. मेवाशाह कब्रस्तानात बेने इस्राएलांच्या कबरी मात्र अजून आहेत.

घाट चढून आलेल्यांचं ‘सुक्कथ शेलोमो’ पुण्याच्या रास्ता पेठेत 1921 पासून उभं आहे. दोन्ही सिनेगॉग एकाच समाजाची. एक टिकलं, कारण त्याच्याभोवती माणसं राहिली. दुसरं गेलं, कारण भीतीने माणसं आधी गेली. मागेन शालोम पाडणाऱ्यांचा दोष आहेच, पण एखाद्या समाजाला आपल्या शहरात परकं ठरवलं गेलं त्याच दिवशी त्या वास्तूचा पाया खचला, असं मी मानतो.

हा इतिहास जितका यहुद्यांचा, तितकाच मराठीचाही आहे. कोकणात, पुण्यात किंवा मुंबईत कुणाच्या घरी कराचीच्या दिवसांतली पत्रं, छायाचित्रं, लग्नपत्रिका, मराठी हागादा किंवा बेने इस्राएल कीर्तनांच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवा. इमारत परत उभी राहणार नाही; तिच्या माणसांची नोंद मात्र आपल्याला अजून करता येईल.