लूप पेडलची तुलना : सेकंद मोजायचे की लय?

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द आपण सहज टाकून मोकळे होतो. मग मार्गदर्शक विचारतात, "तुलना कोणत्या निकषावर?" आणि आपण गप्प. आज हा निकषाचा प्रश्न एका छोट्या यंत्राच्या इतिहासातून समजून घेऊ.

कर्जत-खालापूरच्या एखाद्या रिसॉर्टवर एकटाच गिटारवाला वाजवत असतो, पण गिटार तीन ऐकू येतात. त्याच्या पायाशी लूप पेडल असतं. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, पुन्हा दाबलं की तेच फिरत राहतं. त्यावर तो पुढचा थर चढवतो.

ही कल्पना पेडलपेक्षा जुनी आहे. १९६३ साली पॅरिसमध्ये टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने चेट बेकरच्या ट्रम्पेटचं रेकॉर्डिंग घेऊन दोन टेपरेकॉर्डरमधून एकच फीत फिरवली. पहिलं यंत्र रेकॉर्ड करतं, दुसरं वाजवतं आणि तो आवाज परत पहिल्याकडे जातो. १९७३ मध्ये रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी याच पद्धतीचा अल्बम काढला. इथलं गणित शाळेतलंच आहे : वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. फीत सेकंदाला १९ सेंमी धावत असेल आणि दोन यंत्रांमध्ये २ मीटर अंतर असेल, तर आवाज साधारण साडेदहा सेकंदांनी परत येतो. थोडक्यात, लांब लूप हवा तर खोली मोठी हवी!

पुढे यंत्रं डिजिटल झाली आणि खोलीची जागा मेमरीने घेतली. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २ बाइट धरले, तर ८ सेकंदांना सुमारे ०.७ मेगाबाइट लागतात. तेव्हा मेमरी महाग होती, त्यामुळे सेकंदही महाग होते. १९९४ चा लेक्सिकॉन जॅममॅन ८ सेकंद द्यायचा; जास्तीची मेमरी बसवली तर ३२. लाइन ६ चा डीएल४ (१९९९) १४ सेकंदांवर थांबला. बॉसचा आरसी-२० (२००१) साडेपाच मिनिटांवर गेला आणि आरसी-५ (२०२०) थेट १३ तासांवर!

हे आकडे तक्त्यात मांडले की तुलना झाली असं वाटतं. पण थांबा. सेकंद कमी होते तेव्हा 'किती सेकंद' हा निकष बरोबर होता, कारण वादकाचं अडत होतं ते तिथेच. १३ तासांचा लूप कोण वाजवणार आहे? आकडा अजून बॉक्सवर छापलेला असतो, पण त्याच्यामागचा प्रश्न केव्हाच सुटलाय.

मग आज अडतं कुठे? त्यासाठी आपल्याकडचा लेहरा आठवा. तबल्याच्या साथीला हार्मोनियमवाला सोळा मात्रांची एकच ओळ फिरवत राहतो. हाही लूपच की! पण तबलजीने लय वाढवली की हार्मोनियमवाला ऐकतो आणि सोबत येतो. पेडल ऐकत नाही.

समजा त्रितालाचं आवर्तन ८ सेकंदांचं आहे, म्हणजे मात्रा अर्ध्या सेकंदाची. लूप बंद करताना पाय ०.०५ सेकंद उशिरा पडला. एका फेरीत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण शेजारच्या ढोलकीवाल्याने आपली लय पक्की धरली, तर २० फेऱ्यांनंतर, म्हणजे तीन मिनिटांच्या आतच, फरक १ सेकंदाचा होतो. सम दोन मात्रांनी हुकते! त्यामुळे माणसालाच यंत्राच्या मागे जावं लागतं. काही पेडल मिडी क्लॉकने दुसऱ्या यंत्राशी जुळवता येतात, पण ढोलकीतून क्लॉक येत नाही.

म्हणजे रिसॉर्टवर एकट्याने गाणाऱ्यासाठी पेडल निवडताना एक तक्ता लागेल आणि ढोलकीसोबत बसणाऱ्यासाठी दुसरा. यंत्रं तीच, बदलला तो प्रश्न. 'सगळ्यात चांगलं पेडल कोणतं' याला म्हणूनच एक उत्तर नसतं.

आता तुमचा प्रस्ताव काढा. तुलनेच्या तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याखाली एक ओळ लिहा : हा रकाना माझ्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो? जिथे 'माहिती सहज मिळाली म्हणून' एवढंच लिहावंसं वाटेल, तो रकाना बिनधास्त खोडा. मार्गदर्शकांनी खोडण्यापेक्षा ते बरं!