धर्मशाळा ते निवारा : वऱ्हाडातील आश्रयकार्याचा एक प्रवाह

मराठीत निराश्रितांच्या वसतीसाठी जे शब्द रूढ आहेत त्यांतील दोन विशेष विचारार्ह होत. ‘धर्मशाळा’ या शब्दात दात्याच्या पुण्याची कल्पना प्रधान आहे. ‘निवारा’ या शब्दात ऊन, वारा व पाऊस यांचे निवारण प्रधान आहे. पहिला शब्द देणाऱ्याकडे पाहतो, दुसरा गरजवंताकडे. वऱ्हाडात या दोन शब्दांमधील अंतर प्रत्यक्ष कार्याने कसे तोडले गेले, हे पाहण्याजोगे आहे.

जुन्या धर्मशाळा वाटसरूंसाठी होत्या. परंतु वाटसरू कोणास म्हणावे हे पुष्कळदा जात ठरवी. तीर्थक्षेत्री अस्पृश्य गणलेल्या यात्रेकरूंस उघड्यावर रात्र काढावी लागे. दुसरीकडे कायद्याची दृष्टीही अनुदार होती. १८९८ च्या कायद्यान्वये निर्धन कुष्ठरोग्यास पकडून बंदिस्त ठेवता येई. आणि १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेही विशिष्ट परिस्थितीत भिक्षेच्या व्याख्येत घातले गेले. अशा रीतीने निराश्रित मनुष्य समाजाच्या लेखी अपात्र आणि कायद्याच्या लेखी संशयित ठरत होता.

या पार्श्वभूमीवर गाडगे महाराजांचे कार्य पाहिले पाहिजे. डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे, मामाच्या घरी, गुरे राखण्यात व शेती करण्यात गेले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने वऱ्हाडातील असंख्य कुटुंबे देशोधडीस लागली, त्या वेळी ते तरुण होते. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. त्यानंतर ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट, मूर्तिजापूर येथे गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय, आणि नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा अशी कामे उभी राहिली.

यांत पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचे महत्त्व निराळे आहे. १९२० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या वास्तूने, ज्यांना इतरत्र दार बंद होते त्यांच्यासाठी दार उघडले. पुढे १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविण्यात आली व विद्यार्थ्यांच्या उपयोगास आली. यात्रेकरूचा आसरा विद्यार्थ्याचा आसरा झाला, हे परिवर्तन सामान्य नव्हे.

या कार्याचा आर्थिक पाया कीर्तन हा होता. वऱ्हाडी बोलीतील प्रश्नोत्तरांनी श्रोत्यांस जागे करावे, तेथेच देणगीचे आवाहन करावे आणि मिळालेले धन बांधकामास लावावे, अशी ही पद्धत. महाराज स्वतः या इमारतींत राहत नसत. संस्थेचे द्रव्य आपल्या कुटुंबियांच्या उपयोगी पडू नये, यावर त्यांचा कटाक्ष असे. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन व्यवस्थेस स्थैर्य आले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली, तेव्हा धर्मशाळेचा अर्थ तीर्थापासून रोगशय्येपर्यंत विस्तारला. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत बेघरांच्या आसऱ्यास स्वतंत्र स्थान आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक, पेढी नदीच्या परिसरात त्यांचे देहावसान झाले.

अमरावतीतच डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन येथे कुष्ठरुग्णांसाठी केंद्र उभारले. तेथे शेती व हस्तोद्योग यांस उपचाराची जोड मिळाली. धर्मशाळेचा आश्रय काही रात्रींचा. तपोवनाचा आश्रय श्रमाने मिळविलेल्या स्वाभिमानाचा. ज्यास समाजाने घराबाहेर काढले त्यास केवळ छप्पर पुरत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांत एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा असे निदेश दिले, आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याचा समावेश झाला. कर्तव्याचा भार दात्याच्या पुण्यावरून शासनाच्या दायित्वावर आला, हे इष्टच झाले. तथापि नियमाने दार उघडते, आपुलकी येतेच असे नाही. वऱ्हाडच्या परंपरेने बेघरास अपराधी न मानता पाहुणा मानले. हक्काच्या नव्या भाषेने ही जुनी दृष्टी गमावली, तर ‘निवारा’ हा शब्द नुसत्या छपरापुरताच उरेल.