एलिचपूर ते मुंबई : हिवतापाच्या डासाचा शोध आणि विहिरींचा प्रश्न (१९०१ ते १९२८)

प्रास्ताविक

भारतातील हिवतापाच्या इतिहासात २० ऑगस्ट १८९७ या दिवसाला स्वाभाविकपणे मोठे स्थान मिळाले आहे. त्या दिवशी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे परजीवी आढळले. मात्र डासामुळे रोग पसरतो हे कळल्याने नियंत्रणाचा प्रश्न सुटत नव्हता. कोणता डास, तो कोठे अंडी घालतो, हे ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही नगरपालिकेला काय करावे हे सांगता येत नव्हते. या दुसऱ्या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर वऱ्हाडातील एका छावणीच्या गावी मिळाले, ही बाब महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात फारशी नोंदली गेलेली नाही.

एलिचपूर येथील निरीक्षणे

विल्यम ग्लेन लिस्टन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर होते. त्या काळात भारतातील डासांचा अभ्यास बव्हंशी अशा लष्करी डॉक्टरांनीच केला. एलिचपूर (आजचे अचलपूर) येथे वर्षभर ॲनॉफिलिस डासांच्या सवयींचे निरीक्षण करून त्यांनी १९०१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यात एका नव्या जातीचे वर्णन होते. रॉयल सोसायटीच्या हिवताप आयोगाचे सदस्य जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स यांच्या नावावरून तिला ॲनॉफिलिस स्टीफेन्सी असे नाव मिळाले. आजही शास्त्रीय नोंदीत या नावापुढे लिस्टन यांचे नाव व १९०१ हे वर्ष लिहिले जाते.

ॲनॉफिलिसच्या अळ्यांना श्वसननलिका नसल्यामुळे त्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहतात. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण दहा ते बारा दिवस लागतात. स्टीफेन्सीचे वैशिष्ट्य असे की, तिला गटारापेक्षा स्वच्छ पाणी मानवते. विहीर, टाके, कारंजे, पिंप अशी माणसाने बांधलेली व साठवलेली पाण्याची ठिकाणे तिला पुरतात. घाण म्हणजे रोगराई असे मानणाऱ्या तत्कालीन आरोग्यविचाराला हा छेद होता. झाडलोट करून हा डास हटणारा नव्हता.

जातीनिहाय व स्थलनिहाय ज्ञान का आवश्यक होते, हे लाहोरजवळील मियाँ मीर छावणीच्या उदाहरणावरून लक्षात येते. तेथे १९०१ नंतर डासनिर्मूलनाचा मोठा प्रयोग झाला. परंतु भोवतालच्या कालव्यांच्या प्रदेशात त्याला अपेक्षित यश आले नाही. त्यावरून पुढे अनेक वर्षे वाद चालला.

मुंबईतील विहिरी

लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आले. प्लेगच्या संशोधनात उंदरांवरील पिसवांचा संबंध दाखविण्यातही त्यांचा वाटा होता. अलेक्झांड्रा गोदीचे बांधकाम चालू असताना शहरात हिवताप वाढला, तेव्हा १९०८ च्या सुमारास त्यांनी केलेल्या तपासात स्टीफेन्सीच आढळली. त्यानंतर चार्ल्स बेंटली यांनी सविस्तर पाहणी केली. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने घरांच्या आवारातील विहिरींकडे बोट दाखविले व त्या बुजवाव्यात किंवा डास शिरणार नाही अशा बंद कराव्यात असे सुचविले.

येथून कीटकशास्त्राचा प्रश्न नागरी व धार्मिक बनला. विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) या जलाशयांमुळे शहरात नळाचे पाणी आले होते. आरोग्य खात्याच्या दृष्टीने विहीर आता निरुपयोगी होती. पारशी समाजात मात्र वाहत्या झऱ्याचे, सूर्यप्रकाश लाभणारे विहिरीचे पाणी धर्मविधीस आवश्यक मानले जाई. १७२५ ची भीखा बेहराम विहीर आजही श्रद्धास्थान आहे. हिंदू व जैन कुटुंबांतही पूजेसाठी नळाचे पाणी चालत नसे. शिवाय विहिरीत वास करणाऱ्या शक्तींचा कोप होईल, ही भीती अनेकांच्या मनात होती. महापालिकेत अधिकारी असलेल्या रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुतींवर १९१८ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्याला याच वादाची पार्श्वभूमी होती. महापालिकेच्या दप्तरातील अर्ज लोकसाहित्याचे साधन ठरावेत, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष वाटावी.

या संघर्षाला विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा असे रूप देण्याची प्रथा आहे. ते पुरेसे नाही. विहीर ही घराची स्वतःची मालमत्ता होती आणि नळाला पाणी न आल्यास तीच आधार होती. ती बुजविणे म्हणजे पाण्यासाठी सर्वस्वी महापालिकेवर अवलंबून राहणे होय. तडजोड म्हणून काही विहिरींवर पक्के आच्छादन घालून पाणी काढण्यापुरते बारीक तारेच्या जाळीचे झाकण ठेवण्याची मुभा देण्यात आली. डासाला अटकाव व्हावा आणि सूर्यप्रकाशही आत जावा, अशी ही व्यवस्था होती. श्रद्धावानांचा आक्षेप ऐकून घेतल्यामुळेच ती सुचली, हे येथे नोंदविले पाहिजे.

बेंटली यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईत पाणी झाकण्याचा आग्रह धरणारे हेच गृहस्थ पुढे बंगालमध्ये आरोग्याधिकारी झाल्यावर, नद्यांच्या पुराचे पाणी शेतांत पुन्हा खेळू द्यावे असे प्रतिपादन करू लागले. त्यांचा १९२५ चा ग्रंथ हिवताप व बंगालची शेती यांच्या संबंधावर आहे. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन भूमिकांमागे वेगळा प्रदेश आणि वेगळे डास होते.

विहिरींनंतर

मुंबईतील यश टिकाऊ ठरले नाही. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांना शहरातील हिवतापाची पुन्हा पाहणी करावी लागली. डास तोच होता. पण विहिरींच्या जोडीला आता पाण्याच्या टाक्यांचाही विचार करणे भाग होते. ज्या नळयोजनेच्या बळावर विहिरी अनावश्यक ठरविल्या गेल्या, तिच्यातूनच घरोघरी साठवणीच्या टाक्या आल्या, आणि विहिरीतून हटविलेल्या डासाला गच्चीवर जागा मिळाली.

एलिचपूर येथे वर्णिलेली ही जात २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळली आणि २०१६ मध्ये इथिओपियात. आफ्रिकेतील हिवताप तोपर्यंत प्रामुख्याने ग्रामीण मानला जात असे. तेथील शहरांतही पाणी टाक्यांत व पिंपांत साठविले जाते.