इंजिन, दाते आणि हात

श्रोतेहो, १९६०च्या दशकात अमेरिकेत ‘मसल कार’ नावाच्या दांडग्या मोटारींचे वेड पसरले. मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्यात भले मोठे इंजिन बसवायचे, असा सरळ हिशेब. १९६४ सालच्या पाँटिॲक जीटीओचे इंजिन ३८९ घनइंची होते. शेव्हर्लेने १९६७ साली काढलेल्या कॅमॅरो झेड-२८ची गोष्ट मात्र निराळी आहे.

ही गाडी ट्रान्स-ॲम शर्यतींसाठी होती, आणि तिथे पाच लिटरपेक्षा मोठे इंजिन चालत नसे. तेव्हा ३२७ घनइंची इंजिनात २८३ घनइंची इंजिनाचा आखूड क्रँक बसवण्यात आला. इंजिन झाले ३०२ घनइंची, म्हणजे ४.९५ लिटर. आता तुम्ही विचाराल, लहान इंजिनातून मोठी ताकद काढायची कशी? फेरे वाढवून!

इथे कॅमशाफ्टचे काम येते. या दांड्यावरचे उंचवटे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले, की भरधाव फिरणाऱ्या इंजिनाला पोटभर हवा मिळते. पण सावकाश फिरताना तीच हवा मागे सरते आणि इंजिन अडखळते. म्हणजे ताकद कुठल्या फेऱ्यांना मिळणार, हे बव्हंशी कॅमशाफ्ट ठरवतो. झेड-२८ची २९० अश्वशक्ती मिनिटाला ५,८०० फेऱ्यांना मिळे. सर्वांत जास्त ओढ ४,२०० फेऱ्यांना.

मग फेरे चढते ठेवायला हवेत ना? म्हणून मागच्या आसाला ३.७३चे दाते दिले. चाक एकदा फिरे, तेव्हा गिअरपेटीकडून येणारा दांडा ३.७३ वेळा फिरे.

राहिला चालवणाऱ्याचा हात. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. या गाडीला मिळणाऱ्या जवळच्या दात्यांच्या गिअरपेटीत पहिला गिअर २.२०चा, दुसरा १.६४चा. ६,५०० फेऱ्यांना गिअर बदलला, तर ६,५०० × १.६४ ÷ २.२० = सुमारे ४,८४५. इंजिन जोरातच राहिले. घाई करून ४,५०० फेऱ्यांनाच बदलला, तर फेरे ३,३५५ वर उतरतात. झालं, गाडी मरगळली!

बरं का, हौशी माणूस फसतो तो इथेच. शर्यतीचा कॅमशाफ्ट हौसेने बसवायचा आणि मागचे दाते लांब पल्ल्याच्या संथ प्रवासाचे तसेच ठेवायचे, तर पैसे जातात आणि गाडी सुटताना पूर्वीपेक्षा मंद होते. कॅमशाफ्ट, दाते आणि गिअर बदलण्याची वेळ यांचा निर्णय एकत्रच करावा लागतो.

१९६७ साली अशा अवघ्या ६०२ गाड्या निघाल्या. १९६८ साली मार्क डोनोह्यू या अभियंता-चालकाने कॅमॅरो चालवून ट्रान्स-ॲमच्या १३ पैकी १० शर्यती जिंकल्या. गाडीचा मेळ आधीच बसवलेला होता. त्याच्या हाताने तो शेवटपर्यंत राखला.