'आम्ही काम केले': एका स्पॅनिश क्रियापदाचा इतिहास

व्याकरण हा पंडितांचा विषय समजला जातो. आम्ही व्याकरण शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री दिवा लावून. म्हणून आम्ही उदाहरणही आमच्याच धंद्यातले घेतो. स्पॅनिश भाषेत 'काम करणे' यास 'त्राबाखार' म्हणतात. बहुतेक व्युत्पत्तिकार या शब्दाचे मूळ 'त्रिपालियुम' या लॅटिन शब्दात दाखवितात. त्रिपालियुम म्हणजे तीन खुंटांचे, माणसाला छळण्याचे साधन. छळ सोसणे, मग कष्ट उपसणे, आणि शेवटी नुसते काम करणे, असा या शब्दाचा प्रवास झाला. सर्व्हान्तेसच्या १६१७ साली प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या कादंबरीच्या नावात 'त्राबाखोस' हा शब्द हालअपेष्टा याच अर्थी आहे.

क्रियापद नियमित आहे. शेवटचा 'आर' काढून सहा प्रत्यय लावले की संपलेल्या कामाचा भूतकाळ होतो. मी काम केले: त्राबाखे. तू केलेस: त्राबाखास्ते. त्याने अथवा तिने केले: त्राबाखो. आम्ही केले: त्राबाखामोस. तुम्ही केले: त्राबाखास्तेइस. त्यांनी केले: त्राबाखारोन. मराठीत आपण काम केले, मजुरी केली, कष्ट केले असे म्हणतो. क्रियापद कामाच्या मागे जाते आणि करणारा बहुधा वेगळा सांगावा लागतो. स्पॅनिशमध्ये करणारा क्रियापदातच बसलेला असतो. मात्र उच्चार सांभाळावा लागतो. 'त्राबाखो' म्हणताना जोर 'बा'वर दिला तर 'मी काम करतो', आणि शेवटच्या 'खो'वर दिला तर 'त्याने काम केले'!

हे प्रत्यय आले कोठून? इ. स. पू. २१८ मध्ये रोमन फौजा त्या द्वीपकल्पात उतरल्या आणि त्यांच्यामागून लॅटिन आली. लॅटिनमध्ये 'मी गायिलो' म्हणजे 'कान्तावि', 'तो गायिला' म्हणजे 'कान्तावित'. शिपाई, शेतकरी, हमाल यांच्या तोंडी त्यातला 'व' झिजला आणि 'कान्ते', 'कान्तो' ही रूपे राहिली. 'आम्ही गातो' म्हणजे 'कान्तामुस', 'आम्ही गायिलो' म्हणजे 'कान्ताविमुस'. 'व' गेल्यावर दोहोंचे 'कान्तामोस' झाले. त्याच चालीवर 'त्राबाखामोस' म्हणजे 'आम्ही काम करतो' आणि 'आम्ही काम केले'ही. गंमत अशी की, खाण्याच्या क्रियापदात हा गोंधळ नाही. 'आम्ही खातो' हे 'कोमेमोस', 'आम्ही खाल्ले' हे 'कोमिमोस'. कालचे जेवण आज पोटात राहत नाही, हे भाषेलाही ठाऊक असावे!

१४९२ च्या ऑगस्टात आंतोनियो दे नेब्रिखा याने सालामांका येथे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण छापून राणी इसाबेला हिला अर्पण केले. भाषा ही साम्राज्याची सोबतीण असते, अशा आशयाचे त्याने प्रस्तावनेत लिहिले. त्याच महिन्यात कोलंबसाची जहाजे निघाली होती. परंतु नेब्रिखाने नोंदविलेली रूपे दरबारात घडलेली नव्हती. 'तुम्ही'चे रूप तेव्हा 'त्राबाखास्तेस' असे होते. त्यातला 'इ' पुढे सतराव्या शतकात रुळला. समुद्रापलीकडच्या अमेरिकेत तर लोकांनी ते रूपच टाकून 'त्यांनी'च्या रूपावर काम भागविले. राणीला अर्पण केलेला तक्ता बोलणाऱ्यांनी आपल्या सोयीने बदलला.

फेब्रुवारी १९१९ मध्ये बार्सिलोनात 'ला कानादिएन्से' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वीज कंपनीत संप सुरू झाला. तो ४४ दिवस चालला, आणि ३ एप्रिल १९१९ च्या हुकुमाने आठ तासांचा दिवस स्पेनच्या कायद्यात आला. 'त्राबाखामोस ओचो ओरास', म्हणजे आठ तास काम केले आणि आठ तास काम करतो, हे दोन्ही निदान कायद्यापुरते खरे झाले. या तक्त्यात 'मी'चे काल आणि आज निराळे आहेत, 'तू'चे आणि 'त्यां'चेही निराळे आहेत. ते एक होतात ते फक्त 'आम्ही'मध्ये. ज्यांना हा तक्ता पाठ करावयाचा असेल, त्यांनी तेथूनच सुरुवात करावी.