अंतर्गत हस्तांतरण किंमत
एकाच उद्योगसंस्थेच्या एका विभागाने दुसऱ्या विभागाला पुरविलेल्या मालाची वा सेवेची हिशेबासाठी ठरविलेली किंमत. या व्यवहारात पैसा संस्थेबाहेर जात नाही. तथापि विभागांचा नफा आणि काही उद्योगांत कच्चा माल पुरविणाऱ्यांचा मोबदलाही तिच्यावर अवलंबून असतो.

अमेरिकेत १९२० नंतर जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांनी विभागवार नफा मोजण्यास प्रारंभ केला, तेव्हा या किमतीचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. जॅक हर्शलायफर या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये तिचे तात्त्विक विवेचन केले : मालाला स्पर्धात्मक बाजार असल्यास बाजारभाव, नसल्यास सीमांत परिव्यय घ्यावा.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे महत्त्व साखर उद्योगात विशेष जाणवते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील सोनारी (ता. परांडा) हे भैरवनाथाचे क्षेत्र असून तेथे साखर कारखानाही आहे. अशा ऊसपट्ट्यातील ज्या कारखान्यांना आसवनी व सहवीजनिर्मिती प्रकल्प जोडलेले असतात, त्यांत मळी व बगॅस हे उपपदार्थ बाजारात न जाता आवारातच वापरले जातात. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर, बगॅस, मळी व प्रेसमड यांच्या उत्पन्नाच्या ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाच्या सु. ७५ टक्के रक्कम ऊस उत्पादकांना द्यावी, असे सुचविले. महाराष्ट्राने २०१३ च्या ऊसदर विनियमन अधिनियमात उत्पन्नातील वाटणीचे तत्त्व स्वीकारले. पहिल्या सूत्रात मद्यार्काच्या नफ्याचा वाटा नसतो. समजा, १०,००० क्विंटल मळी आसवनीला क्विंटलमागे १०० रुपये कमी दराने दाखविली, तर साखर विभागाचे उत्पन्न १० लाख रुपयांनी आणि उत्पादकांचा वाटा ७ लाखांनी घटतो.

पूर्वी अशी नोंद खतावणीत हाताने करीत. एसएपी कंपनीच्या आर/३ (१९९२) यांसारख्या एकात्मिक संगणक प्रणालींमुळे ती नियमांवर सोपविता येऊ लागली. नियमात देणारा व घेणारा विभाग, माल, परिमाण, किमतीचा आधार व लागू होण्याची तारीख ही नमूद करतात. मळी आसवनीकडे गेल्याची नोंद होताच प्रणाली ठरलेल्या दराने साखर विभागाच्या खाती जमा व आसवनीच्या खाती नावे टाकते. एकत्रित ताळेबंदात या रकमा परस्परांतून वजा होतात. तारखेचे महत्त्व २०१८ नंतर वाढले. त्या वर्षी बी हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला शासनाने स्वतंत्र दर दिला. या मळीत अधिक साखर राहत असल्याने तिला जुनाच दर लावल्यास साखर विभागाचे उत्पन्न कमी दिसते.

नियम एकदा बसविला की प्रत्येक नोंद आपोआप होते. त्यामुळे दर ठरविण्याचा खरा निर्णय नियम लिहितानाच होतो. भारतातील कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वित्तीय वर्षांसाठी, नोंदींतील प्रत्येक बदल तारखेसह जतन करणारीच लेखाप्रणाली वापरणे बंधनकारक आहे. सहकारी कारखाने मात्र १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येत असल्याने हा कंपनी नियम त्यांना लागू होत नाही.